पुढच्या सीटवरचा डबा

"कसे आहात सर?" असं कोणी विचारलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. "तपासलं नाई जी अजून." विचारणारा हसायचा, हे हसायचे नाहीत. डॉक्टरनं पट्टा बांधून मोजल्याशिवाय माणसानं स्वतःला बरा म्हणणं ही त्यांच्या लेखी थाप होती. एकदा आभाळ काळंकुट्ट झालं होतं, वारा सुटला होता, वर्गातल्या वह्या उडायला लागल्या होत्या, आणि मी सहज म्हणाले, "पाऊस येणार वाटतं." झालं. हे दारातून वळले.

"पायला का तुमी?"

"काय?"

"पाऊस. नाई पायला ना? मंग काऊन बोलून राहिले बाई?"

आता न आलेला पाऊस कोणी पाहायचा कसा, हे मी विचारलं नाही. त्यांच्याशी वाद घालायचा म्हणजे आधी जेवून घ्यावं लागायचं.

ते आमच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते सातवी, दरेकश्याच्या अलीकडे डांबरी रस्ता सोडून आत गेलं की मोहाच्या झाडांत. दोन हजार सालाच्या पुढची पाच-सहा वर्षं मी तिथं काढली. शिक्षक आम्ही सात. सातही जणांचा मुक्काम कागदावर गावात आणि प्रत्यक्षात गोंदियात. सरकारचा नियम असा की शिक्षकानं मुख्यालयी राहावं. आमचा नियम असा की सरपंचाकडून दरवर्षी मुख्यालयी राहत असल्याचा दाखला घ्यावा आणि गोंदियात राहावं. दोन्ही नियम गुण्यागोविंदानं नांदत होते. सरपंचालाही दाखल्यावर शिक्का मारताना, हे लोक गावात नेमके कोणत्या घरात राहतात, असा प्रश्न कधी पडला नाही. भला माणूस.

माझी बाजू आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कोणी मला साळसूद समजायला नको. नवरा रेल्वेत, ड्युटी कधी सकाळची तर कधी दुपारची. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. मुलगी दीड वर्षाची, अजून अंगावर पिणारी. गावात जाऊन राहायचं तर मुलीला घेऊन जायचं आणि सासूबाईंना वाऱ्यावर सोडायचं, नाहीतर मुलीला सोडून जायचं. दोन्ही मला जमणार नव्हतं. तेव्हा दाखल्याच्या अर्जावर पहिली सही माझी असायची. आणि दाखला खोटा निघाला तर निलंबन, हेही मला पाढ्यासारखं पाठ होतं.

सरांनी तो दाखला कधीच घेतला नाही. दरवर्षी जूनमध्ये मोठे गुरुजी, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, अर्जांचा गठ्ठा समोर ठेवायचे आणि दरवर्षी हे विचारायचे, "मी गावात राहतो हे कोनी पायलं?"

"काऊन जी, सही करायले हात दुखून राहिला का?" मोठे गुरुजी म्हणायचे.

"हात नाई दुखत. राहतच नाई त सही कायची करू?"

मग ते स्वतःच्या अक्षरात लिहून द्यायचे की मी गोंदियास राहतो. त्यापायी त्यांचा घरभाड्याचा भत्ता कधीचा बंद होता. आम्ही मागं त्यांना येडं म्हणायचो. तोंडावर "तत्त्वाचा माणूस" म्हणायचो. शिक्षकांच्या खोलीत दोन्हीचा अर्थ एकच धरतात.

तर सातही जण गोंदियाहून सरांच्याच गाडीनं यायचो. पॅसेंजर दरेकश्याला थांबायची, पण तिच्या वेळा शाळेच्या वेळांशी जुळत नव्हत्या. सरांची जुनी पेट्रोलची व्हॅन होती, तिसऱ्या हाताची, रंगानं पूर्वी पांढरी असावी. "असावी म्हंजे?" असं त्यांनी इथं नक्की विचारलं असतं. मागं पाच जण कोंबून बसायचे, सर चालवायचे आणि त्यांच्या बाजूला मी, कारण मागं बसलं की मला मळमळायचं. अशा गाडीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. उन्हाळ्यात मी अक्षरशः तव्यावर बसून शाळेला गेले आहे. शेवटी जुन्या साडीची चांगली जाड गादी शिवून ती मी त्या सीटवर टाकून ठेवली होती.

गाडीला एक रोग होता. चालत असताना बरी चालायची, पण जरा थांबली की इंजिन वर-खाली व्हायला लागायचं, दम लागलेल्या म्हाताऱ्यासारखं, आणि मग गप. आमगावच्या फाटकापाशी तर हमखास. मालगाडी जायची, फाटक उघडायचं, मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवायचे आणि आम्ही गुरुजन उतरून गाडी ढकलत असायचो. मोठे गुरुजी ढकलायचे नाहीत. ते पदानं मोठे असल्यामुळं बाजूनं चालत "लावा जोर" म्हणायचे.

गंमत पुढं आहे. शाळेत पोचलो की याच गाडीतून उतरलेले मोठे गुरुजी तडक खुर्चीत बसायचे, रजिस्टर उघडायचे आणि आम्हाला उशिराचा शेरा मारायचे. स्वतःची सही दहाची. उशिराचं कारण लिहायला एक रकाना होता. मी लिहायचे, "मुलीला ताप." त्या रजिस्टरवर विश्वास ठेवला तर माझ्या मुलीला वर्षात चौदा वेळा ताप आला होता आणि ती जगली हाच चमत्कार. बाकीचे लिहायचे "अपरिहार्य कारण". सर लिहायचे, "गाडी बंद पडली. का, ते अजून सापडले नाही."

"सर, हे लिहू नका," मोठे गुरुजी कळवळून म्हणायचे. "कोनी वाचलं त?"

"वाचाले त लिहितो जी."

गोंदियात सरांनी गाडी दाखवली नाही असा मिस्त्री उरला नव्हता. एकानं कार्बोरेटर खोलून धुतलं, दुसऱ्यानं प्लग बदलले, तिसऱ्यानं दोन्ही पुन्हा केलं. रोग तसाच. शेवटचा मिस्त्री जरा खरं बोलणारा होता. मी तिथं होते. तो म्हणाला, "सर, ये काम अंदाज से होता है. एक-एक पुर्जा बदलते जाओ, कभी तो ठीक होगी. बाकी भगवान मालिक."

सर म्हणाले, "भगवान मालिक है तो आरसी बुक पे मेरा नाम क्यों है?"

त्या दिवसापासून त्यांनी मिस्त्री सोडले आणि डोकं चालवायला घेतलं. मला रोज पुढच्या सीटवर त्याचं व्याख्यान ऐकावं लागायचं, म्हणून मीही शिकले. इंजिन हवा ओढतं. ती हवा कार्बोरेटरातून मापात जायला हवी. पण कुठं एखाद्या नळीला चीर पडली, कुठं सांध्यामधलं गॅसकेट सैल झालं, की तिथून चोरवाटेनं जास्तीची हवा शिरते. माप बिघडतं. गाडी धावताना ते कळत नाही, उभी राहिली की कळतं. मिस्त्री कान लावून सुंऽ आवाज शोधतात आणि अंदाजानं नळ्या बदलतात. सरांना अंदाज हा शब्दच चालत नव्हता.

"हवा दिसत नाई बाई," ते म्हणाले. "धूर दिसते. इंजिन बंद ठेवायचं, हवेचं तोंड बुजवायचं आनि आत धूर भरायचा. जिथून बाहेर येईल तिथं चीर. डोळ्यानं पायची."

आता धूर कुठून आणायचा? आमच्या जिल्ह्यात या प्रश्नाला पहिलं उत्तर बिडी. सर स्वतः सुपारीलाही शिवत नव्हते, पण मोठे गुरुजी दिवसाला बिड्यांचा कट्टा संपवायचे. एका शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर सरांनी त्यांना व्हॅनपाशी बसवलं, इंजिनातून एक नळी काढून त्यांच्या हातात दिली आणि सांगितलं, दम घ्या आणि फुंका. मोठे गुरुजी खूश. ड्युटीवर असताना, शास्त्रासाठी, फुकटच्या बिड्या. त्यांनी सात-आठ बिड्या फुंकल्या, मग जो ठसका लागला तो आवरेना. खिचडी शिजवणाऱ्या बाईनं पाणी आणून दिलं. सरांनी शांतपणे वहीत नोंद केली, "धूर फक्त मुख्याध्यापकांच्या नाकातून आला."

दुसरं उत्तर धानाचा भुसा. गोंदियात राइस मिली इतक्या की भुसा कोणीही पोत्यानं देईल. सरांनी तुपाच्या रिकाम्या डब्यात भुसा पेटवला, झाकणाला नळी लावली आणि सायकलच्या पंपानं धूर आत ढकलला. धूर असा झाला की शेजारच्या घरातून लोक बादल्या घेऊन धावले. सरांना वाटलं, काम फत्ते. पण भुशाच्या धुरात चीक असतो. तो आत जाऊन सगळीकडं बसला, करपलेल्या दुधाच्या पातेल्यासारखा. त्यात पंपाचा जोर इतका की एक चांगली नळीच निसटून आली. पुढचे आठ दिवस गाडी खोलून पडलेली आणि आम्ही काळ्या-पिवळ्या जीपला लटकून शाळेला. परगावचा माणूस हा उद्योग करताना आधी विचारेल की या धुरानं काय होईल. आम्ही जे फुकट मिळतं ते आधी जाळून पाहतो. सरांनी तेही वहीत लिहिलं, "चूक माझी. भुसा फुकट होता म्हणून घेतला."

गाडी जोडून परत रस्त्यावर आली त्याच आठवड्यात साहेब आले.

पंचायत समितीत शिक्षणाचे नवे साहेब रुजू झाले होते आणि नव्या साहेबाला पहिले सहा महिने अचानक भेटी द्यायची हौस असतेच. साडेदहाला ते शाळेत आले. मुलं ओळीनं बसलेली, प्रार्थना झालेली, फळ्यावर तारीख. शिक्षक एकही नाही. घंटा वाजवण्यापासून प्रार्थनेपर्यंत सगळं खिचडीवाल्या बाईनं केलं होतं, जसं ती रोज करायची.

साहेबांनी विचारलं, "मास्तर लोक कुठं आहेत?"

"येऊन राहिले जी."

"कुठून?"

"रस्त्यानं येते ना जी," ती म्हणाली आणि भाताकडं वळली. हे आम्हाला तिनंच नंतर सांगितलं. त्या बाईच्या उपकाराची फेड आम्ही काय केली तर दिवाळीला एक साडी.

सातही जणांना नोटीस आली. आठ दिवसांत लेखी खुलासा. मोठ्या गुरुजींनी आम्हाला एकत्र बसवलं आणि स्वतः मजकूर सांगितला, "त्या दिवशी मुख्यालयी, म्हणजे गावात, मयत झाली असल्याने आम्ही सर्व शिक्षक अंत्यविधीस उपस्थित होतो, सबब विलंब झाला." एका दगडात दोन पक्षी. उशीरही झाकला आणि गावात राहतो हेही सिद्ध झालं. आम्ही वाहवा केली. मी तर मनातल्या मनात त्या न मेलेल्या माणसाला हात जोडले.

सर म्हणाले, "मेलं कोन?"

"ते कायले पायजे?" मोठे गुरुजी म्हणाले. "आदिवासी पाडा हाये, कोनी ना कोनी मेलंच असंन."

सरांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "जित्या गावातला मानूस मारायचा, आनि तोही नाव न पुसता. मी नाई करत सही."

सहा खुलासे मयतीचे गेले. सातवा असा: "गाडी आमगाव फाटकावर बंद पडली. इंजिनात कुठून तरी हवा शिरते. शोध चालू आहे. सापडल्यावर दाखवीन."

साहेबांनी तारीख दिली. सुनावणीला सातही जणांनी हजर राहावं, आणि सातव्यानं जे दाखवायचं ते घेऊन यावं. हातात महिना होता.

मला त्या महिन्यात झोप लागली नाही. मोठे गुरुजी रोज मला म्हणायचे, "बाई, तुमी पुढं बसता. तुमचं ऐकंल तो. समजावा त्याले." मी समजावलं. एका सकाळी सरळ म्हणाले, "सर, तुमचं काही जायचं नाही, तुम्ही दाखला घेतलेलाच नाही. आमची नोकरी जाईल. माझी मुलगी लहान आहे."

ते गिअर बदलत म्हणाले, "मुलीले आंघोळीआधी कोनतं तेल लावता?"

मला असा राग आला की काय सांगू. इथं माझं सगळं पणाला लागलेलं आणि हा माणूस तेलाचं विचारतो. पण तो प्रश्न मुलीसाठी नव्हता. बाळांच्या मालिशसाठी दुकानात बाटलीत जे पाण्यासारखं पांढरं, पातळ तेल मिळतं, त्याचा धूर स्वच्छ होतो, चीक धरत नाही, असं त्यांनी कुठं तरी वाचलं होतं. दुसऱ्या दिवशी मी मुकाट्यानं अर्धी बाटली नेऊन दिली. माणूस बुडत असला की काहीही देतो.

या खेपेला त्यांनी घाई केली नाही. रंगाचा घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा घेतला. डिझेल जीपमध्ये इंजिन तापवायला जो हीटर प्लग असतो, तो भंगारवाल्याकडून आणून डब्याच्या बुडाशी बसवला आणि व्हॅनच्या बॅटरीवर जोडला. डब्यात तेल. झाकणाला दोन नळ्या, एक हवा आत जायला, दुसरी धूर बाहेर यायला. सायकलच्या पंपाचा धडा घेतलेला, म्हणून काचेच्या पेटीतल्या माशांना हवा देणारा छोटा पंप लावला. तरी जोर किती हे डोळ्यानं दिसायला हवं, म्हणून दवाखान्यातून सलाईनची वापरलेली नळी आणून ती वाकवली, त्यात कुंकवाचं पाणी भरलं आणि शेजारी फूटपट्टी बांधली. पाणी ठरल्या रेघेच्या वर गेलं की पंप बंद. कार्बोरेटरचं तोंड बुजवायला जुन्या स्लीपरचा तळवा गोल कापला.

एका रविवारी दुपारी मी मुलीला कडेवर घेऊन त्यांच्या अंगणात उभी होते. प्लग तापला, डब्यातून पांढरा धूर निघाला आणि सगळ्या अंगणात माझ्या मुलीच्या आंघोळीचा वास सुटला. मिनिटभर काही नाही. मग पुढच्या सीटखालून, ब्रेककडं जाणाऱ्या जाड रबरी नळीच्या पोटाकडून, उदबत्तीसारखी एक बारीक रेघ वर आली. ती चीर वरून कधीच दिसली नसती. सर गुडघ्यावर बसले होते. त्यांनी रेघ निघाली तिथं खडूनं खूण केली. त्यांच्या बायकोनं मला हळूच सांगितलं, "लग्नाच्या आधी पायाले आले होते, मी खाली मान घालून बसली. घरी जाऊन इचारलं, पोरगी कशी हाये, त म्हनाले, चहा पायला, पोरगी नाई दिसली. दुसऱ्यांदा यावं लागलं." ती हसत होती. मलाही हसू आलं. वाटलं, सुटलो. चीर सापडली, नळी बदलली की गाडी नीट, उशीर नाही, साहेब नाही.

"नळी कधी बदलणार?" मी विचारलं.

"सुनावणी झाल्यावर," सर म्हणाले. "पुरावा हाये तो."

आणि खरंच, सापडलेली चीर तशीच ठेवून आम्ही आणखी दोन आठवडे फाटकावर गाडी ढकलली. या काळात आम्हाला तीनदा उशीर झाला. रजिस्टरात सरांनी लिहिलं, "कारण सापडले आहे."

सुनावणीच्या दिवशी पंचायत समितीच्या आवारात व्हॅन उभी राहिली तेव्हा कचेरीतली एकही खुर्ची भरलेली राहिली नाही. बांधकामवाले, पशुसंवर्धनवाले, पाण्याचं बिल भरायला आलेले, सगळे गोल करून उभे. साहेबही बाहेर आले. तरुण होते, हुशार वाटत होते, म्हणूनच मला जास्त भीती वाटत होती. आम्ही सहाजण चिंचेखाली रांगेत, खाली मुंड्या घालून, मयतीला आल्यासारखे.

सरांनी पुढची सीट उचलली, माझी गादी बाजूला ठेवली, स्लीपरचा तळवा बसवला, पंप सुरू केला. कुंकवाचं पाणी चढलं. लोक पुढं सरकले. आणि नळीच्या पोटातून ती रेघ वर आली. कोणी तरी "दिसला बे" म्हणालं. एका बाबूनं टाळी वाजवली. साहेबांनी स्वतः वाकून पाहिलं.

"मानलं," ते म्हणाले. मग उभे राहिले, रुमालानं हात पुसले. "म्हणजे त्या दिवशी गाडी खरंच बंद पडली."

"हो जी."

"आमगावच्या फाटकावर. म्हणजे गोंदियाहून येताना."

"हो जी. मी गोंदियातच राहतो. दरवर्षी लिहून देतो."

"ते मी वाचलंय," साहेब म्हणाले. "गाडीत आठ जण बसतात. तुम्ही एकटेच येता?"

 मोठ्या गुरुजींचा हात बिडीच्या खिशावर गेला आणि तिथंच राहिला. मला तेव्हा कळलं की सरांनी जे पाहिलं तेच ते सांगणार. कोणाचं वाईट करायचं म्हणून नाही. त्यांना दुसरं येतच नव्हतं.

सर म्हणाले, "मी गाडी चालवतो, सायेब. समोर पाहतो. मागं कोन बसलं ते मी पायलेलं नाई, आनि नाई पायलेलं मी सांगत नाई."

लोक हसले. साहेबही किंचित हसले. मागचे पाच जण वाचले. मग साहेबांनी व्हॅनच्या पायरीवर ठेवलेली माझी गादी उचलली. जांभळी साडी होती ती, मुलीच्या बारशाच्या वेळची, काठ अजून चकाकत होता. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली.

"आणि बाजूला? बाजूची सीट तर दिसते ना चालवताना. ही गादी कोणाची?"

 सरांनी माझ्याकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर साहेबांना कळलं असतं. ते डब्याकडं पाहत होते, त्यातून अजून थोडा धूर येत होता आणि सगळ्या आवाराला माझ्या मुलीचा वास येत होता.

"डब्याची," सर म्हणाले. "डबा ठेवतो बाजूच्या शिटवर. खड्ड्यानं हिसके बसतात त्याले."

साहेबांनी गादीची शिवण बोटानं चाचपली. त्यांना कळलं होतं, हे कळायला हुशार असायची गरज नव्हती. पण संध्याकाळ होत आली होती, साहेबांची गाडी पुसून तयार उभी होती, आणि तेही रोज गोंदियालाच परत जायचे. त्यांनी गादी खाली ठेवली.

मयतीचे सहाही खुलासे तिथल्या तिथं समाधानकारक ठरले. दोषी एकच निघाला, ज्यानं काही लपवलं नव्हतं तो. मुख्यालयी राहत नसल्याचं स्वतःच्या अक्षरात कबूल केल्याबद्दल सरांची वेतनवाढ रोखली आणि गावात राहायला जायचा आदेश निघाला. आम्ही त्यांना चहा पाजला. मोठे गुरुजी म्हणाले, "मानूस हाये बापा." आणि आम्हीही गोंदियातच राहतो हे सांगायला कोणीही, मीही, साहेबांपर्यंत परत गेलं नाही. साहेब अजून आवारातच होते. वीस पावलं होती. मी मोजली होती.

सरांनी दुसऱ्याच दिवशी नळी बदलली. इवलीशी नळी. मग व्हॅनची किल्ली मोठ्या गुरुजींच्या हातात देऊन ते गावात खोली घेऊन राहायला गेले. आम्ही सहाजण त्यांच्या गाडीनं रोज येत-जात राहिलो. गाडी आता फाटकावर शांत उभी राहायची, एकसुरात. पुढं कधीही उशीर झाला नाही आणि आम्ही कधीही पकडले गेलो नाही. माझ्या मुलीला तर तापच येईना.

त्यांची बायको गोंदियातच होती, पोरांच्या शाळेमुळं. एकदा बाजारात भेटली. म्हणाली, "बाकीचे सारे घरी येते. मंग यायनंच एकट्यानं कायले भोगावं बाई?" मी म्हटलं, नियम आहेत हो. भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि निघून आले. लाज वाटली का, असं विचाराल तर वाटली. पण मुलगी घरी वाट पाहत होती, आणि लाजेपेक्षा ती मला जवळची होती.

सर शाळेत पूर्वीसारखेच शिकवायचे. फक्त मला काही विचारेनासे झाले. मी मुद्दाम एकदा म्हणाले, "आज पाऊस येणार वाटतं." ते म्हणाले, "येईल," आणि वर्गात गेले.

दोन वर्षांनी माझी गोंदियाला बदली झाली. निरोपाचा कार्यक्रम झाला, शाल, नारळ, गुलाबाचा हार. मी भाषण लिहून आणलं होतं. सगळ्यांबद्दल दोन-दोन ओळी. सरांबद्दल जास्त, कारण ते राहून गेलेलं ओझं मला निदान शब्दांनी तरी उतरवायचं होतं. मी वाचलं, "सरांनी आयुष्यात कधीही न पाहिलेली गोष्ट सांगितली नाही. ते कधीही खोटं बोलले नाहीत. असा माणूस मी पाहिला नाही."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. सर मागच्या बाकावर होते, ते उठून उभे राहिले. मला वाटलं, आभार मानतील.

"बोललो हाये," ते म्हणाले. "एकदा बोललो." आणि खाली बसले.

 मोठ्या गुरुजींनी हाराकडं हात नेला. मुलं माझ्याकडं पाहत होती, खिचडीवाली बाई दारात उभी राहून पाहत होती, आणि सर मात्र समोर फळ्याकडं पाहत होते. तेव्हा मी बोलायला हवं होतं. सगळे तिथंच होते, साहेब नव्हते, नोकरीला धोका नव्हता, बदलीचा आदेश पिशवीत होता. मी घसा साफ केला, कागदावर बोट ठेवलं आणि पुढची ओळ वाचली.